मारलं नाही ना, मग छळ कसला? : किशोरवयातल्या प्रेमप्रकरणांबद्दलचे गैरसमज

शाईपेन

मी शाळकरी मुलामुलींची समुपदेशक आहे. पालकांशी बोलताना एक वाक्य फार वेळा ऐकू येतं, तेच जसंच्या तसं देते: "मारलं तर नाही ना त्याने? मग सोडून द्या, या वयात चालायचंच."

मला हे वाक्य घातक वाटतं. हात उचलला तरच छळ, हे त्यात गृहीत धरलंय. शिवाय पंधरा-सोळाव्या वर्षीचं प्रेम म्हणजे पोरखेळ, तेव्हा त्यातला त्रासही पोरखेळच, असंही. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या मुलांचं चित्र वेगळं असतं. एखादी मुलगी बोलता बोलता दर दोन मिनिटांनी फोन उलटा-सुलटा करत राहते. "कुणाचा मेसेज येणार आहे का?" विचारलं की म्हणते, "उत्तर उशिरा गेलं तर तो चिडतो." चिडतो म्हणजे काय करतो? तर चार दिवस बोलत नाही, ग्रुपवर तिच्याबद्दल काहीबाही टाकतो, मग रडत माफी मागतो. तिच्या अंगावर एकही वळ नसतो. पण तिने गाण्याचा क्लास सोडलेला असतो, जुन्या मैत्रिणींबरोबर डबा खाणं सोडलेलं असतं, आणि हे सगळं "मला स्वतःलाच नको होतं" असं ती मनापासून सांगते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज संशयाबद्दलचा. "एवढा पझेसिव्ह आहे म्हणजे किती प्रेम असेल!" हे मैत्रिणी म्हणतात, आणि कधीकधी आयासुद्धा.

तुमच्या पाहण्यात काय आलंय? या बाबतीत आपण मोठी माणसं नेमकं काय चुकीचं समजतो?

घरचा_अभ्यास

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण स्पष्टच लिहितो. मूळ प्रश्न छळाचा नाहीच. या वयात असली नाती असावीतच कशाला? अभ्यासाचं वय आहे. नातंच नसेल तर छळ कुठून येणार? मला एक मुलगी आहे. घरात नियम स्पष्ट आहे आणि तिला तो माहीत आहे.

पाऊलवाट

@घरचा_अभ्यास, नियम माहीत असलेल्या मुली गप्प राहायला जास्त चांगल्या शिकतात, एवढंच म्हणते.

रानजाई

मी आता एकवीस वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी माझ्या घरातही हाच नियम होता. त्यामुळे घरच्यांच्या लेखी माझं नातं नव्हतंच, आणि जे नव्हतंच त्यातला त्रास सांगणार कुणाला?

त्याने मला कधी बोटही लावलं नाही. तो रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवायला सांगायचा, मी झोपले तरी. फोन उशीला टेकवून ठेवायचा, चेहरा दिसला पाहिजे. सुरुवातीला हे मला फार गोड वाटायचं. कूस बदलल्यावर चेहरा दिसेनासा झाला की सकाळी प्रश्न: "कुणाशी बोलत होतीस?" वर्गात शेजारी कोण बसलंय त्याचा फोटो पाठवावा लागायचा. एका मैत्रिणीशी बोलायची मनाई होती, म्हणून तिला "नंतर सांगते" एवढं लिहून तो मेसेज लगेच पुसून टाकायचे. माझा पासवर्ड त्याच्याकडे होता, तो मीच दिला होता. "लपवण्यासारखं काही नसेल तर दे ना" या वाक्याला सोळाव्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोक विचारतात, आईला का नाही सांगितलंस? सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी फोन गेला असता, क्लास बंद झाला असता, आणि वर "तुला सांगितलं होतं ना" हे महिनोन्महिने ऐकावं लागलं असतं. म्हणजे तो जे माझ्याकडून काढून घेत होता, तेच घरच्यांनीही काढून घेतलं असतं. तेव्हा एवढं नीट शब्दांत मांडता येत नव्हतं. पण सांगण्यात आपलाच तोटा आहे, हे पक्कं कळत होतं.

शेवटी मी मावशीला सांगितलं. ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "जेवलीस का?" मग म्हणाली, "आता सांग, मी मधे बोलत नाही." आणि खरंच नाही बोलली.

चौकट

रानजाई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

"हे अपवाद असतात" असं कुणी म्हणण्याआधी आकडे देऊन ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये १५४ देश-प्रदेशांच्या माहितीवरून मांडलेला अंदाज असा: ज्या मुली १५ ते १९ या वयात कुठल्या ना कुठल्या नात्यात होत्या, त्यांच्यापैकी २४ टक्के मुलींना विशीच्या आत जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली. म्हणजे जवळपास १ कोटी ९० लाख मुली. मागच्या एका वर्षापुरतं पाहिलं तर १६ टक्के. या वयात लग्न झालेल्या मुलीही यात आल्या. आणि ही फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे. रानजाईंनी लिहिलंय त्यातलं काहीच या २४ टक्क्यांत मोजलेलं नाही.

कडूगोड

आकडे मान्य. पण मला दुसरी बाजूही मांडायची आहे. हल्ली जरा कुठे भांडण झालं की लगेच छळाचा शिक्का मारतात. मुलंमुली भांडणार, रुसणार, अबोला धरणार. मत्सर तर मोठ्यांनाही वाटतो. सोळा वर्षांच्या पोराने एकदा रागाने फोन आपटला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवायचं का? असं सरसकट केलं तर खऱ्या छळाचं गांभीर्यच उरणार नाही. माझ्या भाच्याला त्याच्या वर्गात एका भांडणावरून असंच वाळीत टाकलं होतं. पोरगा कितीतरी दिवस शाळेत जायला तयार नव्हता.

शाईपेन

@कडूगोड, तुमचा मुद्दा रास्त आहे. एका भांडणावरून कुणाला वाळीत टाकणं हाही अन्यायच आहे.

मी फरक असा बघते. मत्सर वाटणं वेगळं, आणि त्या मत्सरापायी दुसऱ्याने कुणाशी बोलायचं हे ठरवणं वेगळं. भांडणात दोघंही आपलं म्हणणं मांडू शकतात, तिथे चिंतेचं कारण सहसा नसतं. मुलांना मी एकच विचारते: "तू 'नाही' म्हणालीस तर पुढे काय होतं?" "थोडा रुसतो, मग ठीक होतं" हे एक उत्तर. "मी नाही म्हणतच नाही" हे दुसरं. दुसरं उत्तर आलं की मी खुर्ची जवळ ओढते.

ही माझ्या एकटीची कल्पना नाही. अमेरिकेत डुलुथ नावाचं शहर आहे. तिथे १९८४ मध्ये मार सोसलेल्या बायकांच्या अनुभवांवरून एक चाकासारखी आकृती तयार केली. मधोमध सत्ता आणि नियंत्रण, आणि आऱ्यांमध्ये धमक्या, एकटं पाडणं, हिणवणं, दोष तिच्यावरच ढकलणं. मारहाण फक्त बाहेरच्या धावेवर. पुढे किशोरवयीन मुलांसाठी याच आकृतीची वेगळी आवृत्ती निघाली, त्यात मित्रमंडळींचा दबाव आणि बदनामीची भीती आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१५ पासून असं सततचं नियंत्रण हा मारहाण नसली तरी गुन्हा आहे.

मोकळंढाकळं

सगळे "तो" आणि "ती" एकाच क्रमाने लिहिताहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सतराव्या वर्षी माझी मैत्रीण मला मारायची. चिमटे, थपडा, एकदा कंपासपेटी तोंडावर फेकली. ओठ फुटला. मित्रांना सांगितलं तर ते खो खो हसले. एक म्हणाला, "नशीबवान आहेस, एवढी पोरगी मागे लागलीये." मी उंच, अंगाने भरलेला, ती लहानखुरी. मी कधीच हात उचलला नाही, आणि तिला हे पक्कं ठाऊक होतं. "तू मला मारलंस असं सांगेन, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" हे ती बोलूनही दाखवायची.

मुलींना होणारी इजा जास्त गंभीर असते, भीतीही जास्त असते, हे मला मान्य आहे. त्याच्याशी माझी स्पर्धा नाही. पण "मुलाला काय होतंय" हा गैरसमज यादीत हवा. शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाने मला कधी विचारलं नाही. ओठाचं कारण मी "खेळताना लागलं" असं सांगितलं, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं.

पाऊलवाट

मोकळंढाकळं, तुमच्यावर माझा विश्वास आहे. एवढंच.

बिनधास्त_आई

माझी पंधरा वर्षांची लेक मागे उभं राहून हा धागा वाचत होती. म्हणाली, "एवढी मोठमोठी माणसं लिहितायत आणि एकही मीम नाही?" मग स्वतःच खुर्ची ओढून बसली आणि शेवटपर्यंत वाचलं.

तिचा प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "आमच्या ग्रुपमध्ये सगळेच एकमेकांना लोकेशन देतात. मैत्रिणीही देतात. मग ते चूक आहे का? आणि आई बघते ते चालतं का?"

चौकट

अवांतर होतंय, पण प्रश्न भारी आहे.

सुटसुटीत

लेकीला सांगा: लोकेशन देण्यात चूक नाही. ते हवं तेव्हा बंद करता येतं का, आणि बंद केल्यावर जाब द्यावा लागतो का, हे बघायचं. मैत्रिणीने बंद केलं तर तू तिला रात्री बारा वाजता फोन करून झापशील का? नाही ना? तोच नियम बॉयफ्रेंडलाही लावायचा.

आईचं म्हणाल तर लहान मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिच्यावर असते, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. पण पालकांनीही चोरून बघू नये. काय बघतो, का बघतो आणि कधी थांबवणार, हे मुलांना सांगून करावं. प्रेम म्हणजे पाळत हे मूल घरातच शिकलं, तर बाहेर ते कसं ओळखणार?

घरचा_अभ्यास

मी मुलीचा फोन तपासतो. तिला माहीत आहे. त्यात मला गैर वाटत नाही. धागा मात्र वाचतोय.

सावलीतली

हा आयडी मुद्दाम नवीन काढलाय.

माझा मुलगा त्या दुसऱ्या बाजूला होता. अशा पालकांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लोक समजतात की अशी मुलं मोडक्या घरांतून येतात, दारूड्या बापाची असतात. आमच्या घरात कधी कुणी आवाजही चढवला नाही. मुलगा हुशार, शिक्षकांचा लाडका, आजीच्या औषधांच्या वेळा पाठ असलेला.

मुलीच्या आईने मला फोन करून सांगितलं. मेसेज वाचायला दिले. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचले. "कुठे आहेस", "कोण आहे", "फोटो पाठव", "आता पाठव", आणि मग शिव्या. त्यानंतर "तू नसशील तर मी संपलो". पुन्हा "कुठे आहेस".

नातेवाइकांचा सूर एकच होता, मुलीनेच काहीतरी केलं असेल. मी तो सूर घरात चालू दिला नाही. मुलाला सांगितलं, "हे मेसेज तू लिहिलेस. तिने काय केलं ते आपण बोलणार नाही, तू काय केलंस ते बोलू." त्याला तिला भेटून माफी मागायची होती, मीही सोबत यावं असा हट्ट होता. मी नाही म्हणाले. तिला त्याच्याकडून काहीच नको होतं, माफीसुद्धा नाही. तो समुपदेशनाला जातो. सुरुवातीला फक्त राग बाहेर यायचा. हल्ली कधीतरी म्हणतो की तिला माझी भीती वाटत होती हे तेव्हा दिसतच नव्हतं. तो माझा मुलगा आहे, माझं त्याच्यावर प्रेम आहे. म्हणूनच पांघरूण घालणार नाही.

कडूगोड

सावलीतली, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला. माझ्या वरच्या मुद्द्यावर मी ठाम आहे, पण "शिक्का नको" आणि "पांघरूण नको" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे तुम्ही दाखवलंत.

निनावी_पान

आणखी एक गैरसमज. दोन मुली किंवा दोन मुलगे असतील तर "दोघं सारख्याच ताकदीचे, त्यात कसला छळ?" असं मानलं जातं. माझ्या बाबतीत धमकी एकच होती: "सोडून गेलीस तर तुझ्या घरी सांगेन." एवढ्या एका वाक्यावर मी वर्षभर थांबले. मार लागलाच नाही. लागायची गरजच नव्हती.

सुटसुटीत

निनावी_पान, "मग सोडून का गेली नाही" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. हा प्रश्न विचारणारे समजतात की सोडलं की सगळं संपलं. नियंत्रण हातातून सुटतंय असं वाटलं की समोरचा जास्त आक्रमक होतो. पाठलाग, नव्या खात्यांवरून मेसेज, फोटो पसरवण्याच्या धमक्या, हे बरेचदा ब्रेकअपनंतरच सुरू होतं. म्हणून "आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर" हा सल्ला देण्याआधी त्या मुलीला विचारा की ब्लॉक केल्यावर तो काय करेल असं तिला वाटतं. तिचा अंदाज सहसा आपल्यापेक्षा बरोबर असतो. आणि आधी स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. मात्र खासगी फोटोंचे स्क्रीनशॉट काढून कुणाला पाठवू नका.

"तू सोडलंस तर जीव देईन" याबद्दलही लिहितो. ही धमकी खरी धरूनच वागायचं. लगेच त्याच्या घरच्यांना किंवा शिक्षकांना कळवायचं. पण त्याला जिवंत ठेवणं ही पंधरा वर्षांच्या मुलीची नोकरी नाही. तिने त्यासाठी नात्यात राहायचं नाही, आणि रात्रभर एकटीने फोनवर राखणही करायची नाही.

चौकट

फोटोंच्या धमकीवर उपयोगी माहिती. फोटो किंवा व्हिडिओ अठराच्या आतला असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने ती २०२३ मध्ये सुरू केली. नाव सांगावं लागत नाही. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो. सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपापल्या मंचांवर तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. अठरापुढच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' याच पद्धतीने चालते. दोन्हींची मर्यादा एकच: सहभागी नसलेल्या ठिकाणी आणि खासगी कूटबद्ध (बाहेरच्या कुणाला वाचता न येणाऱ्या) चॅटमध्ये त्या पोचत नाहीत.

आणि "फोटो पाठवलाच कशाला" हे घरात कृपया म्हणू नका. धमकी देणाऱ्याची सगळी ताकद त्याच वाक्याच्या भीतीत असते.

टाका

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. एकच सांगते. "फक्त गळा धरला, काही झालं नाही" असं कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. गळा दाबल्यावर बाहेर खूण दिसेलच असं नाही. काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते आणि आतली इजा नंतर त्रास देऊ शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, डोकं दुखणं यातलं काहीही असो वा नसो, लगेच डॉक्टरांकडे न्या. नात्यातल्या मारहाणीत गळ्यावर हात जाणं ही पुढच्या मोठ्या धोक्याची खूण मानतात, मग वय काहीही असो.

घरचा_अभ्यास

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत एका धाग्याने बदललं असं नाही. या वयात ही नाती नसावीत असंच मला वाटतं. पण रानजाईंचं "जे नव्हतंच त्यातला त्रास सांगणार कुणाला" हे डोक्यातून जात नाहीये.

म्हणून सरळ विचारतो. समजा उद्या मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि असं काही म्हणाली. पहिलं वाक्य काय बोलू? आणि फोन काढून घ्यायचा नाही तर मग करायचं काय? त्या मुलाला तसाच मोकळा सोडायचा?

रानजाई

काका, पहिलं वाक्य: "बरं केलंस सांगितलंस." दुसरं: "तुझी चूक नाही." आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त हवं होतं ते: "तुला न विचारता मी काही करणार नाही." फोन नेलात तर पुरावे जातील, मैत्रिणी जातील, आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही.

शाईपेन

@घरचा_अभ्यास, हा प्रश्न विचारलात याबद्दल मनापासून आभार.

रानजाईच्या तिसऱ्या वाक्यात एवढीच भर घालते: "न विचारता काही करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत घ्यावी लागेल, आणि तेही आधी तुला सांगून घेईन." न पाळता येणारं वचन मुलांना देऊ नये. लैंगिक जबरदस्ती, गळा दाबणं, शस्त्र किंवा फोटोंची धमकी असेल तर थांबायचं नाही.

मुलाला मोकळा सोडायचा नाहीच. पण त्याच्या घरी जाऊन दम देऊ नका, तो राग उद्या वर्गात तिच्यावर निघतो. मोठ्यांच्या नात्यापेक्षा इथे हीच मोठी अडचण असते: ब्रेकअप झालं तरी दोघं रोज एकाच वर्गात, एकाच बसमध्ये. म्हणून शाळेकडे ठोस गोष्टी मागा. बसण्याची जागा बदला, गटाच्या प्रकल्पात दोघांना एकत्र टाकू नका, मधल्या सुट्टीत तिला जाऊन बसता येईल अशी एक खोली आणि एक शिक्षक ठरवा. वर्ग बदलायची वेळ आली तर तिचा नको, त्याचा बदला. आणि मुलांना हे आधीच शिकवावं असं शाळेला सुचवा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात आठवी-नववीच्या मुलांसाठी नाटुकलं आणि वर्गातल्या चर्चा असा एक कार्यक्रम झाला होता. तो घेतलेल्या मुलांमध्ये नात्यातली हिंसा चार वर्षांनंतरही इतरांपेक्षा कमी आढळली.

घरचा_अभ्यास

बसच्या मुद्द्याचा विचार केला नव्हता. जागा बदलून देण्यासाठी शाळा लेखी तक्रार मागते का? आणि मुलीला तक्रार द्यायची नसेल तर?

सावलीतली

मुलाच्या शाळेने लेखी मागितलं नव्हतं. मुलीच्या आईने वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं आणि मी मुलाच्या बाजूने होकार दिला. त्याचा वर्ग दुसऱ्याच दिवशी बदलला. पण तशी वेळ आली तर कधी, कुणाला आणि काय सांगितलं ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, पुढे लागलं तर हाताशी असतं.